टाका, टीप, टाचण

साहित्याच्या वर्गात आम्ही रोज सुईदोऱ्याची भाषा बोलतो. कथानकाची वीण, भाषेचा पोत, आशयसूत्र, निवेदनाचा तुटलेला धागा, तळटीप, पाठाचे टाचण हे सारे शब्द कापडाच्या आणि शिवणाच्या जगातही तितकेच रुळलेले आहेत. ‘ग्रंथ’ हा शब्द ज्या धातूपासून येतो, त्याचा अर्थही गुंफणे, बांधणे असाच आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वीस वर्षे हे शब्द वापरूनही आम्ही कधी एक टाका घातला नव्हता. एकाने शाळेत मुलींच्या शिवणाच्या तासाला मैदानावर वाफे खणले होते. दुसरीने तो तास कसाबसा पार पाडून, परीक्षेचा रुमाल आईकडून पुरा करून घेतला होता. गेल्या पावसाळ्यात आम्ही कसुती शिकायला बसलो. त्या अनुभवाच्या आधारे समीक्षेविषयी आणि अध्यापनाविषयी काही म्हणावेसे वाटते.

कसुती हे धारवाड परिसरातले भरतकाम. कन्नडमधील ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत यांवरून हे नाव आले, असे सांगितले जाते. इरकली लुगड्यांवर, विशेषतः काळ्या चंद्रकळेवर, हे काम करण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातल्या घरांना ते परके नाही. गोपूर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन हे त्यातले नेहमीचे आकार. टाके मुख्यतः चार. गवंती हा सरळ रेषांचा दुहेरी धावदोरा, मुरगी हा पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा, नेगी हा विणकामाचा भास देणारा आणि मेंथी हा फुलीचा. मेंथी म्हणजे आपली मेथी, त्या दाण्यावरून हे नाव पडले आहे. पारंपरिक पद्धतीत कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर टाका घालायचा. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंती आणि मुरगी हे टाके सुलट आणि उलट दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजेत.

आम्हांला शिकवणाऱ्या बाई एका सहकाऱ्याच्या सासूबाई, माहेर धारवाडचे. आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या आम्हांला ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणत, पण ते संबोधन सोडले तर कसलीही सवलत देत नसत. मॅटीच्या कापडाचा वीतभर तुकडा, बोथट टोकाची सुई आणि एका वेळी हातभरच दोरा. लांब दोरा घेतला की तो पिळतो, गुंततो. मग सुई अधांतरी सोडून दोऱ्याला आपला पीळ आपण उलगडू द्यावा लागतो. हे कळायलाच पहिला आठवडा गेला.

गवंती टाका वरून सोपा दिसतो. जाताना एक घर भरायचे, एक सोडायचे. परतताना सोडलेली घरे भरत यायचे. जातानाच्या वाटेवर कापडावर नुसत्या तुटक रेघा दिसतात आणि आकृती पुरी होते ती परतीच्या वाटेवर. सुरुवातीला एक धागा चुकीचा मोजला तरी जाताना ते लक्षात येत नाही. परतताना मात्र कोपरा जुळत नाही. आमचे पहिले गोपूर असेच तिसऱ्या मजल्यावर अडले. आम्ही हुशारी केली. अर्धा धागा इकडे, अर्धा तिकडे सरकवून कोपरा मिटवला आणि कापड मावशींपुढे धरले. त्यांनी सुलट बाजूकडे पाहिलेही नाही. “समोरून काय दाखवता सर? पालथं करा बघू.” पालथ्या बाजूला आमची लबाडी एका आडव्या लोंबत्या दोऱ्याच्या रूपात उघडी पडली होती. “उसवा,” त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडायला लागल्या.

उसवायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आम्हांला आमचा समीक्षाव्यवहार आठवत राहिला. मराठी समीक्षेत ‘कलाकुसर’, ‘नक्षीकाम’ हे शब्द स्तुतीचे वाटतात, पण बहुधा खालच्या पायरीवर बसवण्यासाठी वापरले जातात. एखाद्या कवितेला ‘नक्षीदार’ म्हटले, की तिच्यात आशय कमी आहे हे न बोलता सांगितले जाते. यामागे एक जुनी कल्पना आहे. मम्मटाने काव्यातील अलंकारांची तुलना अंगावरच्या हाराशी केली. हार काढून ठेवला तरी देह उरतो, तसे अलंकारावाचून काव्य उरू शकते, असा तो विचार. काही अलंकारांच्या बाबतीत हे खरेही असेल. पण कसुतीची नक्षी हारासारखी वर ठेवलेली नसते. ती कापडाच्या विणीने आखून दिलेल्या घरांतूनच चालते. वीण विरळ असेल तर आकार मोठा होतो, घट्ट असेल तर लहान होतो. तेव्हा ‘नक्षीदार’ हा शब्द वापरण्यापूर्वी, ही नक्षी भाषेची कोणती वीण मोजून घातली आहे, हे पाहण्याची जबाबदारी समीक्षकावर येते. ओवीची अक्षरे, अभंगाचे चरण, लावणीची पुनरावृत्ती यांच्याविषयी वर्गात बोलताना आम्ही ती जबाबदारी पुष्कळदा टाळली आहे, हे कबूल करतो.

भरतकामाला दुय्यम मानण्यात लिंगभावाचाही वाटा आहे. रोझिका पार्कर यांनी ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’ या १९८४ च्या ग्रंथात हे इंग्लंडच्या इतिहासातून दाखवले. सुईने स्त्रियांना नम्रतेचे वळण लावले आणि त्याच सुईने त्यांना स्वतःचे काही बोलण्याची वाटही दिली. आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. मुंबईच्या जरदोजी कारखान्यांत आरीवर बसलेले कारागीर बहुतांशी पुरुष असतात आणि त्याला धंदा म्हणतात. घरात बाईने तेच केले की त्याला फावल्या वेळचा छंद म्हणतात. आमच्यापैकी पुरुषाने स्टाफरूममध्ये कापड बाहेर काढले तेव्हा जे हसू उमटले, ते या इतिहासातूनच आले होते.

हात आणि बुद्धी यांची ही फारकत मिटवण्याचा मोठा प्रयत्न आपल्याच भूमीत झाला होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले. पुढे शाळांत त्याचा ‘कार्यानुभव’ झाला आणि अनेक ठिकाणी तो तास गणिताला उसना दिला जाऊ लागला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांत कौशल्याचे अभ्यासक्रम श्रेयांकांसह आले आहेत. त्यांचे स्वागत करावे. पण कौशल्य एका खोलीत आणि साहित्य दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी होणार असेल तर फारकत केवळ वेळापत्रकात छापली जाईल. निबंध लिहिणे हेही हाताचे काम आहे. ते मोजून, चुकून, उसवून शिकावे लागते.

इथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. विद्यार्थ्यांचे लेखन तपासताना आम्ही फक्त सुलट बाजू पाहतो. सुबक टंकलिखित प्रकल्प येतो, गुण दिले जातात. आता तर क्षणार्धात निर्दोष परिच्छेद तयार करून देणारी यंत्रे प्रत्येकाच्या खिशात आहेत. अशा लेखनाला उलट बाजूच नसते, कारण विद्यार्थ्याने काही मोजलेले नसते, काही उसवलेले नसते. त्याला पकडण्याचे उपाय शोधण्यापेक्षा आम्ही एक साधी गोष्ट सुचवतो. प्रत्येक सत्रात एकदा, एका कवितेवर दीडशे शब्द वर्गात हाताने लिहून घ्यावेत. पुढच्या आठवड्यात त्याच कागदावर खाडाखोड करून दुसरा खर्डा करवून घ्यावा आणि दोन्ही मिळून गुण द्यावेत. काय खोडले आणि का खोडले, याला निम्मे गुण असावेत.

यावर आक्षेप येईल की शंभर-शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जमणार कसे. दीडशे शब्दांचे शंभर कागद वाचणे कष्टाचे आहे, पण वीस पानी नकललेले प्रकल्प उलटण्यापेक्षा ते जास्त कष्टाचे नाही. दुसरा आक्षेप आमचा आम्हीच घेतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी सुई धरणाऱ्या पगारदार प्राध्यापकांनी भरतकामाचे गोडवे गावेत हे थोडे सोपे आहे. डोळे ताणून, नगावर मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरीसाठी हेच काम करणाऱ्या स्त्रियांना त्यात चिंतन दिसेलच असे नाही. म्हणून आम्ही भरतकामाविषयी कोणताही मोठा सिद्धान्त मांडत नाही. बोलतो ते फक्त शिकाऊ असण्याविषयी.

वीस वर्षे ‘हे कसे कळत नाही?’ असे विचारणाऱ्या माणसाला, स्वतःला काहीतरी कळत नसण्याची सवय मोडून गेलेली असते. सोपी गोष्ट चौथ्यांदा चुकल्यावर कानशिले तापतात, समोरच्याचा संयम टोचतो आणि लबाडी करावीशी वाटते. पहिल्या वर्षाच्या मुलाने नकललेला परिच्छेद आता हातात येतो, तेव्हा आम्हांला आमच्या गोपुराचा तिसरा मजला आठवतो. गुण आम्ही तरीही कापतो, पण आता त्याला शेजारी बसवून म्हणतो, “पालथं कर बघू. इथपर्यंत कसा आलास?”

आमचे गोपूर दिवाळीच्या सुमारास पुरे झाले. डावीकडचा कळस एका धाग्याने तिरका आहे. मावशींनी ते पालथे करून पाहिले, बोटाने चाचपले आणि म्हणाल्या, “आता रथ घ्या.”