बारातून शून्य गेलं, उरले बारा
शून्याने भागायचं नाही, हे शाळेत सगळ्यांना सांगितलं जातं; का नाही, हे फार थोड्यांना कळतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी. बारातून तीन काढत जा, चार खेपांत खेळ खलास. आता शून्य काढा. उरले बारा. पुन्हा काढा, बाराच! विजेवर चालणारी जुनी दातेरी चाकांची हिशेबयंत्रं अगदी हेच करायची. शून्याने भाग द्यायला सांगितला की चाकं खडखडत फिरत सुटायची, आणि कुणी थांबवेपर्यंत थांबायची नाहीत. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये शून्याचे नियम बांधले, केवढं मोठं काम ते! मात्र शून्याला शून्याने भागलं की शून्य, हा त्याचा नियम पुढे टिकला नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं आणि थेट अच्युताची उपमा दिली : कितीही मिळवा, कितीही काढा, ती तशीच. सप्टेंबर 1997 मध्ये मात्र ‘यॉर्कटाउन’ या अमेरिकी युद्धनौकेवर कुणीतरी संगणकात एका रकान्यात शून्य भरलं, ते नेमकं भाजक ठरलं, यंत्रणा कोसळली आणि क्षेपणास्त्रं वाहणारी ती अजस्र नौका पावणेतीन तास पाण्यावर नुसती तरंगत राहिली. भाजक शून्य तर नाही ना, एवढं तपासणारी एखादी ओळ आज्ञावलीत असती, तर इंजिनं चालू राहिली असती.