रस्ता स्वच्छ झाला; माणसे कोठे गेली?

सिंगापूरच्या बुगिस स्थानकावर भुयारी रेल्वेतून उतरणाऱ्या प्रवाशाला आज काचेच्या छताखालची वातानुकूलित दुकाने आणि स्वस्त कपड्यांचा गजबजलेला बाजार दिसतो. सुलावेसी बेटावरील बुगी दर्यावर्दींचे नाव मिरविणारा हा रस्ता एकेकाळी जगभरच्या खलाशांत बदनाम होता, हे त्याला सांगावे लागते. शहर ‘सुधारते’ म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी कार्यकर्त्यांनी या रस्त्याचा इतिहास अवश्य पाहावा.

विसाव्या शतकाच्या आरंभी येथील मलाय, मलबार व हायलाम या गल्ल्यांत जपानी कुंटणखाने होते. क्यूशू बेटावरील दरिद्री शेतकऱ्यांच्या मुली दलाल तेथे आणीत. १९२०च्या सुमारास हे कुंटणखाने बंद झाले. १९५०नंतर बुगिस रस्त्यावर रात्री टेबले मांडली जाऊ लागली, खाद्यपदार्थांच्या गाड्या लागू लागल्या. मध्यरात्र उलटली की स्त्रीवेषातील तृतीयपंथी नटूनथटून येत. त्यांना पाहण्यासाठी ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन सैनिक आणि व्हिएतनामच्या युद्धातून सुटीवर आलेले अमेरिकन गर्दी करीत. बदनामी मात्र तृतीयपंथीयांच्या वाट्याला आली. ही सैन्ये आशियात धाडणाऱ्या साम्राज्यसत्तांच्या वाट्याला नव्हे.

१९८५ साली भुयारी रेल्वेसाठी हा रस्ता पाडण्यात आला आणि १९८९ साली स्थानक सुरू झाले. सार्वजनिक रेल्वेला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. सिंगापूर सरकारने त्या काळात रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना नळ आणि गटाराची सोय असलेले छपराखालचे गाळे दिले, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आपल्या महापालिकांनी त्यातून जरूर शिकावे. परंतु फेरीवाल्याजवळ परवाना होता. तृतीयपंथीयाजवळ दाखविण्याजोगा कोणताच कागद नव्हता. ज्याची नोंद नाही, त्याचे पुनर्वसनही नाही!

पुढे तर विपरीतच घडले. ज्या रस्त्याची लाज वाटत होती, त्याचीच नक्कल १९९१ साली पर्यटकांसाठी जवळच उभारण्यात आली. १९९५ साली ‘बुगिस जंक्शन’ हे व्यापारी संकुल उघडले. त्यात मलाय, मलबार, हायलाम ही गल्ल्यांची नावे जपण्यात आली. जेथे जपानी शेतकऱ्यांच्या मुली विकल्या गेल्या, तेथे जपानी कंपन्यांची दुकाने थाटली गेली. नावे राहिली, भिंतींचा जुना तोंडवळा राहिला, माणसे तेवढी गेली. हे सारे नीतीसाठी झाले असे म्हणावे, तर गेलांग भागात वेश्याव्यवसाय पोलिसांच्या देखरेखीखाली आजही चालतो. तात्पर्य, अनीती संपली नाही. ती मोक्याच्या जागेवरून हलविली गेली.

जुन्या रस्त्याचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. दारिद्र्य आणि अपमान यांत रम्य असे काही नसते. प्रश्न एवढाच आहे की, सार्वजनिक पैशाने जमिनीची किंमत वाढते तेव्हा त्या वाढीचा वाटा कोणाला मिळतो?

हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येणार नाही. तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांचे नाव धारण करणाऱ्या मुंबईच्या कामाठीपुऱ्याचा पुनर्विकास म्हाडामार्फत करण्याचे राज्य सरकारने ठरविले आहे. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने ही दुनिया पांढरपेशा मराठी वाचकापुढे उभी केली. आता तिच्या जागी मनोरे उभे राहतील. मोडकळीस आलेल्या चाळींतील रहिवाशांना चांगली घरे मिळालीच पाहिजेत. पण पुनर्विकासाच्या हिशेबात घरमालक असतो, भाडेकरू असतो. रोजच्या भाड्याने खाट घेणारी स्त्री कोणत्या रकान्यात बसते? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांना राहत्या जागेचा पुरावा न मागता आधारपत्र देण्याचा आदेश दिला. ओळखपत्रासाठी जो न्याय, तोच निवाऱ्यासाठी का नको?

म्हणून पहिली कुदळ पडण्यापूर्वी त्या वस्तीत राहणाऱ्या आणि राबणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची गणना झाली पाहिजे, ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे. सरकार ती आपणहून करणार नाही. गल्लीगल्लीत वही घेऊन जाण्याचे काम कार्यकर्त्यांनाच हाती घ्यावे लागेल. अन्यथा उद्या तेथेही गल्ल्यांची नावे तेवढी संगमरवरावर कोरलेली दिसतील.