ऑनलाइन कार्यशाळेत बोलतो कोण?

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आधी जाणकारांसमोर वाचन, मग छपाई. संशोधकाला अशी जागा लागतेच.

आज राज्यशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती ऑनलाइन कार्यशाळेत मिळू शकते. प्रवासखर्च नाही, राहण्याची अडचण नाही. पण होते काय? दोन तास तज्ज्ञांचे भाषण, शेवटी पाच मिनिटे प्रश्न आणि प्रमाणपत्र. वस्तीतली मुलगी माईक बंद ठेवून मोबाईलवर ऐकत बसते. याला सहभाग म्हणायचे का?

मसुदे आठवडाभर आधी सर्वांना पाठवा. एका बैठकीत तीनच घ्या. आधी सोबतच्या संशोधकांनी बोलावे, प्राध्यापकांनी शेवटी. मराठीत बोलू द्या. नेट तुटले तर लेखी अभिप्राय पाठवा. शुल्क घेऊ नका.

ही मेहेरबानी नव्हे. आरक्षण, राखीव मतदारसंघ, गावची सत्ता यांवरच्या संशोधनात आपली माणसे फक्त मुलाखत देण्यापुरती असतात. निष्कर्ष मांडतानाही ती असली पाहिजेत.

जय भीम!