सोडतीत लागलेला हंस

दिमित्री चर्नियाक या कॅनेडियन कलाकारानं जानेवारी २०२१मध्ये 'रिंगर्स' नावाचा प्रकल्प विक्रीला काढला. खुंट्यांभोवती दोरी किती तऱ्हांनी गुंडाळता येते, एवढाच त्याचा विषय. चित्रं १०००, पण एकही आधी काढलेलं नाही. तुम्ही पैसे भरता, त्या व्यवहारातून ६४ अंकी एक आकडा निघतो, तो बीज म्हणून प्रोग्रामला मिळतो आणि चित्र उमटतं. काय पदरात पडलं ते पैसे गेल्यावर कळतं.

त्यातलं ८७९ क्रमांकाचं चित्र हंसासारखं दिसलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थ्री ॲरोज कॅपिटल या क्रिप्टो फंडानं ते १८०० इथरला, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे ५८ लाख डॉलरला घेतलं. २०२२मध्ये फंड बुडाला. २०२३च्या जूनमध्ये सदबीजच्या लिलावात हंस पुन्हा ६२ लाख डॉलरला गेला.

आता गंमत बघा. त्या कोडमध्ये कुठेही हंस नाही. दोरी आणि खुंट्यांच्या या निव्वळ अमूर्त खेळाला बाजारानं सर्वांत मोठी किंमत दिली, ती तो चुकून पक्ष्यासारखा दिसला म्हणून! ओबडधोबड दगडात सोंड दिसली की शेंदूर फासून त्याला स्वयंभू ठरवायचं, तसंच हे. फक्त तिथे निदान श्रद्धा तरी असते.

या आंधळ्या खरेदीचं समर्थन मोठ्या गंभीर चेहऱ्यानं केलं जातं. म्हणे, संग्राहकाच्या व्यवहारातून बीज तयार होतं, म्हणून तोही सहनिर्माता! मग लॉटरीचं तिकीट घेणाऱ्यालाही निकालाच्या आकड्याचा सहलेखक म्हणायला हवं.

योगायोग कलेत नवा नाही. फ्रान्स्वा मोरेले यानं १९६०मध्ये टेलिफोन डिरेक्टरीतल्या सम-विषम अंकांवरून ४०,००० चौकोन दोन रंगांत रंगवले. पण जाळी किती घरांची, रंग कोणते, नियम काय, हे सगळं त्यानं ठरवलं होतं. स्वतःच्या आवडीनिवडीला बाजूला सारायला त्यानं योगायोगाला कामाला लावलं. १९६८पासून संगणकावर काम करणाऱ्या व्हेरा मोलनार नियमात किंचित गोंधळ मिसळून काय होतं ते पाहत, आणि त्यातलं काय ठेवायचं ते स्वतः ठरवत. तिथे योगायोग हत्यार होता. विक्रीची तऱ्हा नव्हता.

'रिंगर्स'सारख्या प्रकल्पांत तर यादृच्छिकताही तशी नावालाच असते. तेच बीज द्या, हजारदा तेच चित्र येईल. खरा योगायोग घडतो तो एकदाच, गल्ल्यावर.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या पद्धतीत कलाकाराला फसलेली चित्रं गुपचूप टाकून देता येत नाहीत. जे उमटेल ते विकलं गेलेलं असतं. म्हणून कुठलंही बीज पडलं तरी बघण्यासारखं काही यावं, इतका पक्का अल्गोरिदम लिहावा लागतो. टायलर हॉब्सच्या 'फिडेन्झा'ची ९९९ चित्रं पाहिली की ही शिस्त काय चीज आहे ते कळतं. ही सोपी गोष्ट नाही. पण मग कर्तृत्व त्या अख्ख्या ९९९ चित्रांचं आहे. कौतुक करायचं पूर्ण संचाचं आणि पैसे ओतायचे एका अपवादावर, हा कुठला न्याय? दुर्मीळतेचे तक्ते तर त्याहून हास्यास्पद. अमुक रंग शंभरात दोनदाच यावा, असं कलाकारच कोडमध्ये लिहू शकतो. ही टंचाई निसर्गानं केलेली नाही; एका ओळीत तो आकडा बदलता येतो.

संग्रह करणं म्हणजे निवडणं. शंभर चित्रं बघून नव्याण्णव नाकारणं, आणि उरलेल्या एकाबद्दल 'हेच का?' या प्रश्नाला उत्तर देता येणं. आंधळ्या खरेदीत हा प्रश्न विचारताच येत नाही. पुढे फेरविक्रीत निवडीला वाव मिळतो हे खरं, पण तोवर सोडतीचा निकाल लागून भाव ठरू लागलेले असतात, आणि निवड भावाच्या मागे फरपटत जाते.

दुसरा रस्ता नव्हता असंही नाही. हॉब्स आणि डँडेलियन विस्ट यांनी २०२२मध्ये 'क्यूक्यूएल' आणलं. तिथे कुणीही अल्गोरिदम हवा तितक्या वेळा चालवावा, त्याच्याशी खेळावं. पास असलेल्यानं हजारो चित्रांतून आपलं एक निवडून कायमचं नोंदवावं. योगायोग तोच, पण शेवटचा शब्द डोळ्यांचा. यात पाकीट फोडण्याची धडधड नाही, अशी तक्रार कुणी केली तर ती प्रामाणिक समजावी. त्याला धडधडच हवी होती, चित्र नव्हे.