सहा दिवस कुणाचे?

बंगळुरूच्या राजाजीनगरात माझ्या मैत्रिणीच्या मावशी राहतात. मूळच्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. लग्न होऊन तिकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. कन्नड सफाईने बोलतात, प्रार्थना मात्र अजून मराठीतच करतात. कपड्यांच्या एका कारखान्यात शर्टाला कॉलर लावण्याचे काम त्या कित्येक वर्षे करीत आहेत.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला विधानसौध दाखवायला नेले. १९५६ साली पूर्ण झालेल्या या भव्य दगडी इमारतीच्या दर्शनी भागावर एक वाक्य कोरलेले आहे. सरकारचे काम हे देवाचे काम, असा त्याचा अर्थ. मावशींनी तो मला सांगितला आणि हसून विचारले, “सरकारचं काम देवाचं. मग माझ्या कॉलरी कुणाच्या गं?”

प्रश्न हसण्यावारी गेला नाही. घरी परतताना त्या आपल्या आजीबद्दल बोलत राहिल्या. आजी बायबलबाई होती. गावोगाव फिरून बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची. “तिचं आयुष्य देवाच्या कामी आलं. माझा रविवार तेवढा देवाचा, बाकी सहा दिवस मालकाचे,” मावशी म्हणाल्या.

मला पंडिता रमाबाई आठवल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवांना आणून त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला आसरा दिला. तिथल्या मुक्ती सदनात प्रार्थना होत, तसेच मागही चालत, शेतीही होई. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल आणले. तिथल्याच स्त्रियांनी छापखान्यात त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ छापून पुरा झाला १९२४ साली. एक खिळा उलटा बसला तरी शब्द बिघडणार. तो नीट बसवणे हीसुद्धा उपासनाच नव्हे का?

“अगं, पण ते बायबल होतं. माझा आपला शर्ट!” मावशींनी मला अडवले.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण येशू सुताराच्या घरात वाढला आणि स्वतःही सुतारकाम करीत असे. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरी. तंबूवर थोडेच शास्त्र लिहिलेले असते? आतल्या माणसाला ऊन-वारा लागू नये, एवढेच त्याचे काम.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “वाकडी कॉलर मी पुढे जाऊ देत नाही. उसवते. टार्गेट चुकतं, बोलणी बसतात. नवी पोर शेजारी बसली, तर तिला आधी सुईपासून बोट कसं जपायचं ते शिकवते.” हे सांगताना आपण देवाच्या कामाबद्दलच बोलत आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आले नव्हते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. जादा कामाचे पैसे मागितले, तेव्हा “काम हीच पूजा” असे त्यांना ऐकवण्यात आले होते. कायद्याप्रमाणे कारखान्यातील जादा कामाची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते. पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना मन लावून काम करण्यास सांगितले आहे खरे; पण लगेच पुढे धन्यांनाही बजावले आहे, की दासांशी न्यायाने वागा, तुमच्यावरही एक धनी आहे. पहिले वाक्य भिंतीवर लावायचे आणि दुसरे विसरायचे, ही भक्ती नव्हे. मावशींनी पैसे मागितले यात त्यांची श्रद्धा कुठे उणी पडली?

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पहाटे डबा भरून झाल्यावर मावशी नेहमीप्रमाणे क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग चष्मा पिशवीत टाकता टाकता मला म्हणाल्या, “चल गं, निघते. आजचाही दिवस त्याचाच.”