खोकला लपवू नका

कोहमारा नाक्यावर नागपूर-रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता मिळतो. इथे खोकला आला की आपण म्हणतो, 'धूळ गेली असेल.' पण महिनाभर टिकलेला खोकला धुळीचा की जंतूंचा, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी थुंकी तपासावी लागते.

जंतूंना रंग नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसावेत म्हणून रंगवतात. डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी 1884 साली बर्लिनमध्ये त्याची रीत काढली. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटने धुणे. जाड भिंतीचे जंतू जांभळेच राहतात. पातळ भिंतीच्यांचा रंग धुऊन जातो. पुढे दिलेल्या लाल रंगाने ते गुलाबी दिसतात. या गुलाबी जंतूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो, म्हणून त्यातल्या बहुतेकांवर साधे पेनिसिलिन चालत नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या आपल्याला लागू पडतीलच असे नाही, ते यामुळेच.

टीबीचा जंतू या रीतीने नीट रंगत नाही. त्याची भिंत मेणचट. लाल रंग ऊब देऊन चढवावा लागतो, पण एकदा चढला की आम्लानेही उतरत नाही. त्याची तपासणी वेगळी, औषधेही वेगळी, आणि ती साधारण सहा महिने घ्यावी लागतात.

मुलीची सोयरीक मोडेल म्हणून खोकला लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. लपवल्याने आजार घरभर पसरतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला, तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नका.