आमच्या मॉरिसचे दोन काटे

जून महिन्यात ग्रेट वेस्ट रोडवर, ब्रेंटफर्डला, आमची मॉरिस मायनर वाफा सोडत थांबली. मागच्या सीटवर मी आणि लेक, लेकीच्या मांडीवर केकचा डबा. पुढे नवऱ्याशेजारी बाबा, म्हणजे माझे सासरे, शांत बसलेले. गाडी बंद पडली त्यापेक्षा बाबा शांत होते याचीच मला जास्त धास्ती वाटली.

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडी कारखान्यात गेली. इंजिनाचा आवाज ऐकून ते दुखणं सांगायचे. पाण्याला उकळी फुटायला आली की त्यांना आधीच कळायला हवं होतं. रस्त्याच्या कडेला उभं असताना ते हळूच म्हणाले, "मला काही ऐकूच आलं नाही गं." गेली दोन वर्षं ते टीव्ही मोठ्याने लावतात, फोनवर "हो हो" म्हणत राहतात, हे आम्ही सगळे पाहत होतो. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

मदतीची गाडी येईपर्यंत तासभर होता. विषय बदलायचा म्हणून नवऱ्याने ट्रायकोची गोष्ट काढली. याच रस्त्यावर ट्रायकोचा वायपरचा कारखाना होता. (१९७६ साली तिथल्या बायकांनी समान पगारासाठी २१ आठवडे संप केला आणि तो जिंकला. ही गोष्ट मी शाळेत शिकवत असते तर नक्की सांगितली असती.) ट्रायकोचे जुने वायपर इंजिनाच्या ओढीवर चालत. त्यामुळे चढावर इंजिनावर जोर आला की नेमके वायपर मंदावत. बाबा खूप दिवसांनी मोकळे हसले.

आता गाडीविषयी. आमची मॉरिस १९६७ची. चाळीस वर्षांहून जुनी आणि 'ऐतिहासिक' म्हणून नोंदलेली असल्याने तिला यूलेझचे रोजचे साडेबारा पौंड पडत नाहीत. नवऱ्याने मला पटवलं ते एवढ्याच मुद्द्यावर. तिच्या डॅशबोर्डवर मधोमध एकच गोल तबकडी आहे, स्मिथ्सची. तिच्यात वेग दिसतो आणि पेट्रोल दिसतं. तेलासाठी फक्त एक दिवा, तोही तेलाचा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो. पाणी किती तापलंय हे सांगणारं काहीच नाही. कान शाबूत असलेल्या ड्रायव्हरसाठीच जणू ही गाडी बनवली होती.

म्हणून ठरलं, दोन गेज बसवायचे. एक तेलाच्या दाबाचा, एक पाण्याच्या तापमानाचा. आणि मग महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर वाद रंगला, मेकॅनिकल की इलेक्ट्रिक.

मी एम.ए. मराठी. पण ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं. तेलाच्या मेकॅनिकल गेजमध्ये इंजिनातलं तेलच बारीक नळीतून तबकडीपर्यंत येतं. आत एक वाकवलेली चपटी नळी असते. फ्रान्सच्या बूर्दाँने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. जत्रेत फुंकल्यावर उलगडणारी कागदी पिपाणी मिळते ना, तसंच ते. दाब वाढला की नळी सरळ व्हायला बघते आणि काटा हलतो. वीज लागतच नाही. इलेक्ट्रिकमध्ये इंजिनावर सेंडर बसतो, त्याचा विद्युतरोध बदलतो, आणि त्याप्रमाणे तबकडीतली दोन धातूंची पट्टी कमीजास्त तापून वाकते. म्हणून तो काटा सावकाश चढतो.

नवरा इलेक्ट्रिकच्या बाजूचा. "गाडीच्या आत तेलाची नळी कशाला? थरथरून तुटली तर उकळतं तेल पायांवर येईल. पोर पुढे बसते कधी कधी." हे मला लगेच पटलं.

बाबा म्हणाले, "वायरीचं म्हणजे तिसऱ्याने दुसऱ्याला सांगितलेली बातमी. एक जोड सैल झाला की काटा खोटं बोलतो. तेल स्वतः येऊन सांगतंय तर येऊ दे ना."

त्यात भर म्हणजे आमच्या गाडीचा पॉझिटिव्ह अर्थ. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. नवऱ्याने मागवलेल्या नव्या संचात इलेक्ट्रॉनिक्स होतं, त्याला हे चालेना. खोकं परत गेलं.

शेवटी निवाडा माझ्याकडे आला. मी म्हटलं, तेल दगा देतं ते क्षणात, तिथे सावकाश चढणारा काटा काय कामाचा? तेलाचा मेकॅनिकल घ्या, पण नळी घरच्या माणसानेच बसवायची. पाणी हळूहळू तापतं, तिथे साध्या पट्टीचा इलेक्ट्रिक पुरे.

तेलाची तांब्याची नळी बाबांनी बसवली. इंजिन थरथरलं तरी ताण येऊ नये म्हणून तिला दोन वेढे दिले, आणि पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी. सेंडर नवऱ्याने बसवला. पाणी गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेप चांगली जाड गुंडाळली. गाडी अर्धा तास चालली तरी तापमानाचा काटा तळाशीच. नवरा खूश, "बघा, किती थंड चालतेय!"

बाबांनी रेडिएटरजवळ तळहात धरला आणि मान हलवली. इंजिन निवल्यावर त्यांनी सेंडर काढला, माझं चहाचं पातेलं उकळत्या पाण्यासकट बाहेर मागवलं, सेंडरच्या अंगाला अर्थची वायर लावली आणि टोक पाण्यात बुडवलं. शेजारी मी मोरंब्याचा थर्मामीटर धरून उभी. काटा बरोबर नव्वदवर चढला. म्हणजे सेंडर ठीक, गेजही ठीक. जाड टेपमुळे आट्यांचा इंजिनाशी संबंधच तुटला होता. टेप काढल्यावर काटा खरं बोलू लागला.

पातेलं नंतर मी तीनदा घासलं. आणि त्याच संध्याकाळी बाबा आपणहून म्हणाले, "ते कानाचं मशीन बघायला कधी जायचं?"

सप्टेंबरात ते पुण्याला परतले. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. मशीन असलं तरी फोनवर अजून धड ऐकू येत नाही. म्हणून लेक चालू गाडीत बसून मोबाईल तबकडीसमोर धरते आणि बाबा चष्मा पुढे सरकवून वाचतात, "उभ्या गाडीत वीस. आता जरा रेस कर म्हणावं बापाला."